वाचकबाईंची कवळी

कवळीमास्तरांनी एकतीस वर्षांत हजारो माणसांना दात दिले, पण त्यातलं एकही माणूस कधी पाहिलं नाही. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांचा कारखाना: एक टेबल, एक घासायचं मशीन आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. जबडा आत यायचा, कवळी बाहेर जायची. ती कोणाच्या तोंडात नांदली की रुसली, ते डॉक्टरांना ठाऊक. तक्रार आली तरच मास्तरांना गिऱ्हाइकाची खबर लागायची, आणि तक्रारी जवळजवळ येतच नसत. याचा त्यांना कोण अभिमान!

एकदा चर्चमध्ये परदेशात दात बसवून द्यायच्या दोन आठवड्यांच्या सेवेसाठी नावं मागितली, तेव्हा सगळ्यात आधी यांचा हात वर गेला.

"अहो, बाजारात पाठवलं तर रस्ता चुकता तुम्ही," बायको म्हणाली. "आणि आता समुद्रापलीकडे?"

"प्रभूची सेवा आहे."

"आहे ना. पण तुम्हाला तोंडं बघायचीत, खरं सांगा."

मास्तर चष्मा पुसू लागले. बायको खरं बोलत असली की ते नेहमी चष्मा पुसत. तिनेच मग त्यांची बॅग भरून दिली.

तिकडे शाळेच्या एका वर्गात दवाखाना थाटला होता. बाकांवर पेशंट, फळ्याखाली मास्तरांचं टेबल. तुकडीचे प्रमुख पाळकसाहेब मोठे उत्साही. आज किती जणांना दात बसले, ते रोज फळ्यावर लिहायचे. मास्तरांचं मात्र आकड्याकडे लक्षच नव्हतं. एका आजोबांनी कवळी घालून आरशात पाहिलं आणि मास्तरांच्या गालाचा मुकाच घेतला. मास्तरांनी त्या दिवशी तोंड धुतलं नाही म्हणतात.

दुसऱ्या आठवड्यात वाचकबाई आल्या, सोबत त्यांचा म्हातारा नवरा, धंद्याने सुतार. दुभाष्याचं काम करणाऱ्या शिक्षिकेने हकिकत सांगितली. या बाईंनी तीस वर्षं दर रविवारी चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचला. मग दात गेले, शब्दांचा नुसता वारा होऊ लागला, आणि एकदा मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी पुस्तक मिटलं. त्याला चार वर्षं झाली. दात मिळाले तर या रविवारी उभी राहीन, असं त्यांनी आता कबूल केलं होतं. सोमवारी तर तुकडी परत निघणार होती.

मास्तरांनी त्या कवळीत जीव ओतला. शनिवारी दुपारी ती बसली, अशी बसली की डॉक्टरही बघत राहिले. बाईंनी दोन ओळी वाचून दाखवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिका म्हणाली, "फार छान!"

सुताराने तेवढी मान हलवली. नाही.

ती भाषा मास्तरांना कळत नव्हती, आणि प्लॅस्टरचा जबडा तर कधीच बोलत नाही. दात दिसतात कसे, चावतात कसे, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ते बोलतात कसे, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी शिक्षिकेला बाजूला घेतलं. "ताई, खरं सांगा."

ती ओशाळली. "पाहुण्याच्या कामाला नावं कशी ठेवायची, मास्तर? शिट्टी वाजते. दर दोन शब्दांना."

"जेवता येतंय ना? मग झालं की!" पाळकसाहेब म्हणाले. "बाहेर अजून अकरा जण बसलेत."

मास्तर आयुष्यात कोणाला उलटून बोलले नव्हते. "साहेब, नुसते जेवायचे दात असते तर मीही झालं म्हटलं असतं. हे वाचायचे दात आहेत. माझा माल असा जाणार नाही."

इलाज एकच होता. वरच्या दातांमागची पट्टी जाड झाली होती, ती घासून पातळ करायची. जास्त घासली तर तडकणार, आणि दुसरी करायला ना सामान होतं ना वेळ. मास्तरांनी सुताराला शेजारी बसवलं. घासलं, बाईंनी वाचलं, सुताराने मान हलवली. पुन्हा घासलं, पुन्हा वाचलं, पुन्हा नाही. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण रंधा मारणाऱ्या माणसाला केसभर म्हणजे किती हे सांगावं लागत नाही. सुतार अंगठ्याने पट्टी चाचपायचा आणि बोट ठेवायचा: इथे नको, इथे घे. सातव्या वेळी पट्टी इतकी पातळ झाली की आरपार उजेड दिसू लागला.

आठव्या वाचनाला सुताराने मान हलवली नाही. पण डोलावलीही नाही. नुसते खांदे उडवले. बंद खोलीतलं वाचन वेगळं, भरल्या चर्चमधलं वेगळं. खरं काय ते उद्याच कळणार.

रविवारी वाचकबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि आवाज थेट शेवटच्या बाकापर्यंत आला. मास्तरांना शब्द कळेना, ते फक्त शिट्टीची वाट पाहत होते. ऐकू तर येत नव्हती, पण स्वतःच्या कानांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. तीन बाक पुढे सुतार बसला होता. मास्तर मान उंचावून त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. ते डोकं हलेचना. पाठ संपला, सगळी मंडळी आमेन म्हणाली, तरी हा वळून बघेना.

शेवटी उपासना संपल्यावर मास्तरांनी शिक्षिकेला पुढे पाठवलं. शिट्टी वाजली का, एवढंच विचारा म्हणाले.

सुतार दचकला. त्याने मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. तो काहीतरी पुटपुटला.

"माफी मागताहेत," शिक्षिका म्हणाली. "म्हणतात, ऐकायच्या नादात तपासायचं राहूनच गेलं."

मास्तर बाकावर बसले. मग शेजारच्या अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून, त्याला यातलं अक्षर कळणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही, म्हणाले, "ती कवळी मी केलीय."