बनियन दिसणारा सदरा

चित्रकलेच्या कॉलेजात येऊन मला दोनच वर्षं झालीत, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या देशाच्या कपड्यांवर लिहावं एवढं मला कळत नाही. चुकलं तर माफ करा.

आमच्या दहिसरच्या चाळीतल्या ताईने क्रूझवर नोकरीला असताना बरोबरच्या फिलिपिनो मुलाशी लग्न ठरवलं. लग्न इथेच झालं. त्याच्या वडिलांना येता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बारोंग शिवून पाठवला. अननसाच्या पानांच्या धाग्याचा, नक्षीचा, आरपार दिसणारा लांब सदरा, तिकडे मानाच्या प्रसंगी घालतात तो. ताईची आई, म्हणजे काकू, म्हणाल्या, "बनियन दिसतंय गं! चारचौघांत नवरा बनियनवर उभा करायचा?" मग भावोजी शेरवानीत उभे राहिले. फोटो बघितल्यापासून वडील त्यांच्याशी बोलेनासे झाले.

म्हणून भावोजींनी बारोंगमधलं स्वतःचं पोर्ट्रेट वडिलांना पाठवायचं ठरवलं. काढायचं मी. ते खिडकीपाशी बसले आणि मला कुठे बघावं कळेना. दारावर कुणी आलं तरी माझे बाबा आधी शर्ट शोधतात. काकू चहा देताना कुजबुजल्या, "चित्रात तरी झाक रे." मी झाकलं. छान जाड दुधाळ कापड रंगवलं.

भावोजी उठून चित्राजवळ आले. जहाजावर शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "शर्ट अच्छा है. मेरा नहीं है."

"वाट लावलीस यार," ताई म्हणाली. "आतलं दिसायलाच हवं. तसाच असतो तो."

"पण का?"

भावोजी हसले. कुणी म्हणतं, परक्या राज्यकर्त्यांनी सक्ती केली, आत हत्यार लपवता येऊ नये म्हणून. वडील म्हणतात, उकडतं म्हणून. खरं काय, त्यांनाही ठाऊक नव्हतं. सक्तीचा असेल तर तो मानाचा कसा झाला, हे मला अजून उमगलेलं नाही.

जाड रंग आरपार करता येत नाही. मी सगळा खरवडला. आधी बनियन रंगवलं, खांदे रंगवले, मग त्यावर पांढऱ्याचा अगदी पातळ हात दिला. काकू बघून गेल्या.

चित्र कुरियरने गेलं. बरेच दिवस काहीच कळलं नाही. परवा ताई ट्रॅकपँटवरच आमच्या दारात आली.

"माझे स्वतःचे कपडे कुठले रे?"

मग तिने सांगितलं. सासऱ्यांचा फोन आला होता. चित्र बाहेरच्या खोलीत लावलंय, आता सुनेचंही पाठवा म्हणाले, तिच्या स्वतःच्या कपड्यातलं.