भूदास, सामुराई आणि सालदार

शहाद्याजवळच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. दरवर्षी ‘सरंजामशाही : युरोप, जपान आणि भारत’ हे प्रकरण आलं की स्टाफरूममध्ये विचारणा होते, "काय सर, यंदा नवीन काय?" या एका प्रकरणानं मला जेवढे किस्से दिलेत, तेवढे बाकीच्या सगळ्या सिलॅबसनं दिले नाहीत. आणि खरं सांगू, त्यात माझ्या शहाणपणाचा एकही नाही. सगळे पोरांचे.

*

युरोपातला भूदास शिकवत होतो. जमीन मालकाची, हा त्या जमिनीला बांधलेला, गाव सोडायची मुभा नाही. मागच्या बाकावरून कळसाडीचा भटू म्हणाला, "सर, हाऊ ते सालदारच शे."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. मी फरक सांगितला. सालदाराची बोली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपते, तो सोडून जाऊ शकतो. भूदास नाही.

भटूनं सगळं ऐकून घेतलं. "सोडता येस सर. पन जावानं कथं?"

तेव्हापासून हे प्रकरण मी पुस्तकातून नाही, भटूच्या प्रश्नातून सुरू करतो.

*

चाचणी परीक्षेत जपानवर प्रश्न होता. प्रकाशा गावच्या हेतलनं, केळीच्या बागायतदाराच्या मुलीनं, लिहिलं होतं : ‘सामुराईला मोबदला तांदळात मिळे. आमच्याकडे केळी पिकते आणि ती आठवडाभरात काळी पडते. म्हणून तापीकाठी सामुराई झाले नाहीत.’

मी पूर्ण मार्क दिले. टिकणाऱ्या धान्यावर सत्ता उभी राहते, हे मला एम.ए.ला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

*

युरोपात सरदार आपल्या स्वामीपुढे गुडघे टेकायचा, जोडलेले हात त्याच्या हातांत द्यायचा आणि निष्ठेची शपथ घ्यायचा. मी म्हटलं, वर्गात करून बघू. म्हसावदचा हिमांशू, जुन्या पाटील घराण्यातला, लगेच म्हणाला, "स्वामी मी होतो." मी चिठ्ठ्या टाकल्या.

स्वामीची चिठ्ठी सातपुड्यातून शिकायला आलेल्या मुन्नीला निघाली. सरदाराची हिमांशूला.

हिमांशूनं फरशीवर गुडघे टेकून हात पुढे केले. मुन्नीनं ते आपल्या हातांत घेतले, नीट पाहिले आणि ती म्हणाली, "किती मऊ आहेत रे. ऊठ."

सगळ्यात जास्त हसला तो हिमांशूच.

*

शोधनिबंध स्पर्धेला आमची रेखा गेली होती. विषय, ‘युरोपातला भूदास आणि तापीकाठचा सालदार’. सोबत तिचे आजोबा आले होते. धुवट पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते.

वाचन संपल्यावर परीक्षक म्हणाले, "मांडणी छान आहे, पण संदर्भग्रंथ फारच थोडे. हे सगळं आणलं कुठून?"

"आजोबांकडून, सर. ते वीस वर्षं सालदार होते. इथेच बसलेत."

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. परीक्षक जरा हसले. "बाबा, नातीनं लिहिलंय ते खरं ना? वाढवून तर नाही लिहिलं?"

म्हातारा सावकाश उभा राहिला. शर्ट खाली ओढून नीट केला.

"पोरनी कमीच लिखेल शे, साहेब."