झालर, गोट आणि मूत्रपिंड

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या शिवणखोलीत शिंपीणमावशी एकवीस वर्षं चादरींवर वॉर्डांची इंग्रजी नावं रंगीत दोऱ्याने भरत होत्या. चादरी वॉर्ड सोडून भटकतात, म्हणून. शिक्षण सातवी. पण एकच नाव चारशे वेळा टाचलं, की माणूस त्याच्याकडे कापड म्हणून बघायला लागतो. कार्डिओलॉजी, नेफ्रोलॉजी, न्यूरोलॉजी: मागचा तुकडा तोच, पुढचा बदलतो. कार्डिओ म्हणजे हृदय, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, हे वॉर्डात जाऊन पेशंट बघितले की कळतं.

मग रोगांच्या नावांना सारखं ‘आयटिस’ का लागतं, हे त्यांनी एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. सूज, असं उत्तर आलं. म्हणजे झालर, ज्या अवयवाला लावाल, तो सुजतो. ‘पेरि’ म्हणजे भोवतीने, हेही बाईंनीच सांगितलं. तो कडेने फिरणारा गोट. त्या दिवसापासून दिसेल तो इंग्रजी शब्द मावशी उसवू लागल्या. कार्पेट उसवलं, तर आतून मोटार आणि पाळीव कुत्रं निघालं. काही कापड अखंडच असतं, एवढा धडा त्यातून मिळाला.

पुढे इस्पितळाने तयार चादरी घ्यायचं ठरवलं. शिवणखोली बंद. फाइलखोलीत एक जागा होती. ती मिळाली नाही, तर मावशी घरी. परीक्षा अशी की फाइलवरचा रोग वाचायचा आणि फाइल योग्य विभागाच्या कपाटात लावायची. याच जागेसाठी नणंदेचे पदवीधर जावईही आले होते. त्यांनी तीनशे रोग घोकले होते. “वहिनी, कशाला हसं करून घेता?” असं नणंदेने मायेने विचारून ठेवलं होतं.

एकोणीस फाइलींपर्यंत दोघं बरोबरीत. विसाव्या फाइलवर होतं पेरिनेफ्रायटिस.

हा रोग यादीत नाही, असं जावईबापूंनी सांगितलं. जणू पेशंटला आता घरी सोडायला हरकत नव्हती.

मावशींनी चष्मा सारखा केला. मागची झालर काढली. पुढचा गोट काढला. मधे मूत्रपिंड उरलं.

“मूत्रपिंडाच्या भोवतीची सूज. कपाट नेफ्रोचं.”

परीक्षा घेणाऱ्या हेडक्लार्कने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, ऐकलं आणि खुर्चीत जरा ताठ बसला. आपल्याला ठाऊकच होतं, फक्त खात्री करायची होती, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मग हळूच विचारलं, “मावशी, हा शब्द आधी कुठे वाचलात?”

“कुठेच नाही. कापड ओळखीचं निघालं.”

सोमवारी फाइलखोलीची किल्ली मावशींच्या कमरेला लागली. जावईबापूंची यादी आता तीनशे एकपर्यंत गेली आहे, असं नणंद सांगते.