चपलांची रांग

मस्कतहून उदगीरला परतल्यावर चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या पत्नीच्या किडन्या काम करत नाहीत आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल.

नोकरी सुटली तसा तिथला विमाही सुटला होता. खाजगी दवाखान्यात फार दिवस निभणार नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस मोफत होतं, पण यंत्रं मोजकी. तिला जागा मिळते की नाही, एवढाच प्रश्न होता.

पहिल्या एसटीनं गेलो. केसपेपरची खिडकी अजून उघडायची होती. तिच्यासमोर चपलाच चपला पडलेल्या, माणसं लांब भिंतीला टेकून बसलेली. हिचा पाय अडकेल म्हणून मी वाकलो आणि सगळ्या चपला गोळा करून, जोड्या लावून, कडेला नीट मांडून ठेवल्या. जन्मभर शाळेचं ग्रंथालय सांभाळलं; हात आपोआप तसे चालतात.

"अवो सायेब," एक बाई म्हणाल्या, "लाइन मोडली की वो तुमी. त्या चपला न्हाईत, माणसं हायत."

भिंतीपाशी सगळे हसले. आम्ही नुकतेच मस्कतहून आलोय, असं मी सांगितलं. त्या बाई नवऱ्याच्या डायलिसिससाठी देवणीहून येत. उठून एकेक जोड उचलत, कोण कुणामागं ते आठवत, त्यांनी रांग परत लावली.

"परदेशात लाइन लावत न्हाईत का?"

"तिथं माणसंच उभी राहतात," पत्नी म्हणाली.

"मग पाय लई दुखत असतील. काढा ताई, तुमची चप्पल."

ती त्यांनी स्वतःच्या चपलेपुढं ठेवली. कुणी हरकत घेतली नाही.

केसपेपर लवकर निघाला. मग त्याच आम्हाला डायलिसिसच्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या. सिस्टरांनी वही पाहिली. मंगळवार-शुक्रवारची एक जागा उरली होती, ती हिला मिळाली.

त्या जागेच्या आधारानं ती पावणेदोन वर्षं जगली. मुलीचं बाळंतपण तिनं पाहिलं, नातीला मांडीवर घेतलं.

डायलिसिससाठी घेतलेली लातूरची भाड्याची खोली मी अजून सोडलेली नाही. महिन्यातून एकदा बीपीच्या गोळ्यांसाठी त्याच दवाखान्यात जातो. चपला रांगेत ठेवतो आणि भिंतीला टेकून बसतो.