सुकटीचा कप

आईचं फडताळ आवरताना सुकटीचा वास आला आणि मागे दादाचा कप दिसला.

क्लबच्या कार शर्यतीत पहिला येऊन दादाने तो घरी आणला, तेव्हा आई हळदीकुंकू घेऊन तो देवापुढे ठेवायला निघाली. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "नोकरीचं पत्र आलं की ते ठेव देवापुढे." बाबांना बरं वाटावं म्हणून मी मोठ्याने हसले.

"आई, सुकटीला होईल हा," म्हणत दादाने कपात सुकट ओतली. मासळीचं भांडं पुन्हा देवापुढे जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

तो परत शर्यतीला गेला नाही. लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीची बस चालवून यंदा रिटायर झाला.

आज मी कप चिंचेने घासघास घासला. वास काही जात नाही.