व्हिटॅमिन म्हणून टोचलेली सुई

लग्नाला तीन वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. तपासण्या झाल्या त्या सगळ्या बायकोच्या. आई रोज म्हणायची, "हिच्यातच काहीतरी कमी हाय." मी गप्प बसायचो. माझे दंड बघून माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

ते दंड काल्हेरच्या जिममध्ये कमावलेले. जिम माझ्या मित्राची. राहनाळच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो, त्याच्या बापाला मी खांदा दिला होता. माझं लग्न ठरलं तेव्हा अंग काही भरेना, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं मला सुई टोचली.

"काय आहे यात?"

"व्हिटॅमिन. तुला मी वाईट देईन का?"

मग दर आठवड्याला एक, अशी अडीच वर्षं गेली. पुढे वडप्याच्या गोदामात माझी शिफ्ट बदलली, जिम सुटली आणि सुयाही. त्यानंतर अंगातून जीव गेल्यासारखं झालं. जिना चढताना धाप लागायची, उगाच चिडायचो. बायकोजवळ जायची इच्छाच राहिली नाही. मी ड्युटीला दोष देत राहिलो.

शेवटी बायकोच नव्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "यांचंही तपासा."

रिपोर्ट आला. शुक्राणू शून्य, हॉर्मोन एखाद्या म्हाताऱ्याचं असावं तितकं कमी.

"याला कारणं पुष्कळ असतात," बाई म्हणाल्या. "वजन, शुगर, मेंदूतल्या ग्रंथीची गाठ, कधी लहानपणची गालफुगीसुद्धा. बॉडीसाठी इंजेक्शनं घेतलीत कधी?"

"व्हिटॅमिनची घेतली."

"बाटली आणून दाखवा."

जिममधल्या कपाटातून मी एक रिकामी बाटली उचलून आणली. लेबल वाचून त्या म्हणाल्या, "हे पुरुषांचं हॉर्मोन आहे. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतः बनवायचं थांबवतं, मग शुक्राणूही बनत नाहीत."

मी तिथून थेट मित्राकडे गेलो. तो आरशासमोर कुणाला तरी डंबेल धरायला शिकवत होता. मी बाटली पुढे धरली. तो मला बाजूला घेऊन गेला.

"सगळेच घेतात रे. हळूहळू येतं परत."

"तू घेतोस?"

तो म्हणाला, "माझं लग्न ठरलं तेव्हाच सोडलं."

त्याचं लग्न माझ्या वर्षभर आधी झालं होतं. म्हणजे मला पहिली सुई टोचताना त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या मुलीच्या बारशाला मी जेवून आलो होतो. हात उचलावासा वाटला, पण उचलला नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही.

घरी आल्यावर दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बायको मात्र तिथेच बसून म्हणाली,

"त्यानं तुम्हाला फसवलं, खरं आहे. पण आई मला बोलायच्या तेव्हा तुम्ही समोरच बसलेले असायचात. सुया घेतो हे मला एकदा तरी सांगितलं असतंत."



वर्षभर औषधं चालू आहेत. परवाच्या रिपोर्टात थोडे शुक्राणू दिसले, बाई म्हणाल्या, आशा आहे. मी फोनवर बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि मी जेवायला येणार आहे का एवढंच तिनं विचारलं.