पूर्णिमाच्या कोरड्या कुंड्या

येळ्ळूरच्या पूर्णिमाला मिरचीनं जेवढं रडवलं, तेवढं कांडपातल्या तिखटानंही कुणाला रडवलं नसंल. विणकराची लेक ती, माहेर वडगावचं. तुटलेला धागा हुडकून जोडायची सवय लहानपणापासूनची. लग्नानंतरही शिकत राहिली आणि बेळगावच्या एका कॉलेजात मिरचीवर संशोधन करायला लागली.

मिरचीच्या अंगात म्हणे जनुकांची एक भावकी असते. पाणी तुटलं, ऊन तापलं की त्यातले काहीजण जागे होतात आणि रोपाला तगवतात. भावकीच ती, सगळे थोडेच धावून येणार! कोण उठतं आणि कोण घोरत पडतं, एवढंच पूर्णिमाला शोधायचं होतं. कॉलेजात जागा नव्हती, म्हणून संकेश्वरी मिरचीच्या कुंड्या तिनं घरच्या अंगणात पत्र्याखाली मांडल्या. निम्म्यांना पाणी, निम्म्या कोरड्या. पानं तोडायची, बर्फात घालून कॉलेजात तपासायला न्यायची.

पण कोरड्या रोपांतली भावकी काही केल्या उठेना. रोपं सुकतही नव्हती. जात चिवट आहे म्हणून आधी ती खूशच झाली. मग तपासणीच्या यंत्राला दोष दिला, रसायनं बदलली. शेवटी संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले, या खेपेला दिसलं नाही तर विषय सोडून दे. त्या रात्री ती न जेवता निजली.

पहाटे उठून बाहेर आली, तर सासू अंबुबाई न्हाऊन तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्यात उरलेलं त्यांनी कोरड्या कुंडीत ओतलं. तांब्या पुन्हा भरला, पुढच्या कुंडीत ओतला.

"आत्या, हे रोज घालता व्हय?"

"मग? निम्म्यांना तू घालतीस, निम्मी इसरतीस. मी न्हाय इसरत."

पूर्णिमा पायरीवर बसली. तिनं ती जनुकांची सगळी भावकी सासूला समजावून सांगितली. अंबुबाईंनी ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यास्नी मुद्दाम तहानेलं ठेवतीस?"

"तहानेत कोण उठतंय ते बघायचंय, आत्या."

"बघ बाई. मला न्हाय बघवत."

सरांच्या पाया पडून तिनं आणखी एक खेप मागून घेतली आणि नवं बी पेरलं. सगळं पहिल्यापासून. आता अंबुबाई उरलेलं पाणी फक्त ओल्या कुंड्यांना घालतात आणि कोरड्यांपुढून जाताना डोळ्यांवर पदर ओढतात.

पूर्णिमा मात्र चहाच्या आधी कोरड्या कुंड्यांत बोट खुपसून बघते. माती कोरडी लागते. तरी पुढच्या कुंडीत बोट घालतेच.